एकाकीपणात आमचं कॉलेज नापास

“मास्टर, आम्ही आता एकमेकींशी बोललं तर चालेल का?”

हा प्रश्न मी विचारला. साडेचारशे मुलींच्या रांगांमधून, हात वर करून, खणखणीत आवाजात. “विचारून दाखव, एक क्रीम बन माझ्याकडून,” अशी पैज माझ्या वर्गातल्या शायलने लावली होती आणि तिच्या मागच्या दोघींनी त्यात अर्धा-अर्धा घातला होता. महामारीच्या आधी मी हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही घाम पुसायचे. पण अख्खं वर्ष कॉलेज बंद, बाबांचं हॉटेल बंद. मग घरामागे पाळलेल्या चौदा कोंबड्यांना दाणे टाकता टाकता मी त्यांच्यापुढे भाषणं ठोकायला लागले. कोंबड्या फार चांगल्या श्रोत्या असतात. मान हलवतात, मध्ये तोंड घालत नाहीत आणि दाणे संपले की निघून जातात. इतक्या अनुभवानंतर साडेचारशे मुली म्हणजे काहीच नाही.

आमच्या पाटीवर ‘कॉलेज’ लिहिलंय म्हणून आम्ही स्वतःला कॉलेजवाल्या म्हणवून घेतो. गणवेश, वेण्या आणि नखांची तपासणी मात्र शाळेचीच आहे. त्या सोमवारी वर्षभरानंतर आम्ही पहिल्यांदा एका जागी उभ्या होतो आणि प्रिन्सिपल मास्टर देलाना पन्नास मिनिटं बोलत होते. हात धुवा. अंतर ठेवा. पेन्सिल चघळू नका. चघळायचीच असेल तर स्वतःची चघळा. आणि आम्ही सगळ्या झाकण दाबून धरलेल्या पातेल्यासारख्या आतल्या आत रटरटत होतो.

माझी घाई सगळ्यात जास्त होती. तासाभरापूर्वीच फाटकाशी मला तितीलिया भेटली होती. तितीलिया म्हणजे पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेली, माझे निबंध तपासणारी आणि माझा डबा खाणारी. तिचे वडील सेरूकाका माझ्या बाबांच्याच हॉटेलात होते. बाबा बारमध्ये पेयं बनवायचे, सेरूकाका पाहुण्यांची बोट चालवायचे. हॉटेलला टाळं लागल्यावर ते सगळे कांदावू बेटावर आपल्या गावी गेले आणि वर्षभर दालोचे कंद लावत बसले. तितीलिया एकटीच परत आली होती. उन्हाने काळी झालेली, हातभर उंच झालेली, आणि तळहात असे घट्टे पडलेले की माझ्या बाबांनी लाजावं.

“लोसाना, तुला एक विचारायचंय,” ती म्हणाली. “त्याच्यावरच सगळं ठरणार. तेरावीला, शेवटच्या वर्षाला, इथे राहायचं, की शुक्रवारच्या बोटीने परत जाऊन दालोच लावत बसायचं.”

“मग विचार की!”

“असं उभ्या उभ्या नाही गं.”

आणि घंटा झाली.

तर माझा प्रश्न ऐकून मास्टर देलानांनी शेजारी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांकडे पाहिलं. फुलाफुलांचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर लॅपटॉप. दोघांची कुजबुज झाली. मग मास्टर म्हणाले, “प्रश्न अतिशय चांगला आहे. इतका चांगला की त्याचं उत्तर आज देता येणार नाही.”

ते गृहस्थ म्हणजे आपीसाई साहेब. ‘महामारीपश्चात पुनर्मैत्री व संवाद सक्षमीकरण प्रकल्पा’चे अधिकारी. या प्रकल्पासाठी पलीकडच्या कुठल्यातरी थंड देशातून निधी मंजूर झाला होता. निधी मैत्रिणींच्या गप्पांसाठी होता.

आमच्याकडे चटई टाकून, जगात काही काम नसल्यासारखं बसून बोलत राहण्याला तालानोआ म्हणतात. आमच्या पणज्या तोंडात दात नसतानाही तालानोआ करत. मात्र त्या ते कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय करत होत्या, ही धक्कादायक बाब आपीसाई साहेबांनी आमच्या नजरेस आणून दिली. त्यांच्याकडे एकशे बारा स्लाइड्स होत्या. त्यानुसार तालानोआचे सहा टप्पे असतात. पहिला, बसणे. दुसरा, समोरच्याची दखल घेणे. चौथा, हसणे (ऐच्छिक).

“पण सर, आम्हाला येतं की बोलायला,” शायल म्हणाली.

“येत असेल,” आपीसाई साहेब प्रेमळपणे म्हणाले. माणूस स्वभावाने गोड होता. “पण मोजलंय का कुणी?”

मोजलेलं नव्हतं. म्हणून आधी पायाभूत सर्वेक्षण होणार होतं. महामारीने आम्ही किती एकाकी झालो हे आधी मोजायचं, मग आम्हाला बोलू द्यायचं, मग पुन्हा मोजायचं आणि जो फरक पडेल तो प्रकल्पाने घडवला असं लिहायचं. मोजणीआधीच कुणी बोललं तर एकाकीपणा दूषित होईल. सबब सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विद्यार्थिनींनी आपापसात बोलू नये. वर्गात, मैदानात, बसमध्ये, घरी आणि फोनवर. तसं प्रतिज्ञापत्र छापून तयार होतं. आम्ही सह्या केल्या. छापील कागदाखाली रेघ दिसली की सही करायची, एवढं तर कॉलेजने आम्हाला नक्कीच शिकवलंय.

“आणि एका मुलीने जो प्रश्न विचारला,” साहेब म्हणाले, “तो लाभार्थींची पहिली उत्स्फूर्त मागणी म्हणून मी नोंदवून घेतलाय. ती मुलगी आजपासून विद्यार्थी समन्वयक.”

मला गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं. निळी फीत, वर प्लास्टिक, आत माझं नाव. सोबत एक शिट्टी. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी फार छान वाटलं. माझा शर्टही सरळ झाला. तितीलिया तिसऱ्या रांगेतून माझ्याकडे बघत होती. मी तिला हातानेच ‘थांब जरा’ अशी खूण केली. समन्वयकाला शोभेल अशी.

मंगळवारी निकाल लागला. आमचं कॉलेज एकाकीपणात नापास झालं.

दहापैकी साडेतीन. उत्तीर्ण व्हायला किमान सहा लागतात. सहाच्या खाली समस्या अस्तित्वात नाही असं गृहीत धरतात आणि नसलेल्या समस्येवर प्रकल्प राबवता येत नाही. आपीसाई साहेबांचा चेहरा पाहवत नव्हता. ‘गेल्या वर्षात तुम्हाला किती वेळा एकटं वाटलं?’ या सातव्या प्रश्नाला बारावीतल्या एकीने लिहिलं होतं, ‘एकदाही नाही. घरात सोळा माणसं आणि एक न्हाणीघर. एकटं वाटायची फार इच्छा होती, संधी मिळाली नाही.’ तिचीच भावना थोड्याफार फरकाने तीनशे जणींनी व्यक्त केली होती.

शिक्षकांच्या खोलीत तातडीची सभा भरली. समन्वयक म्हणून मीही होते, खुर्चीवर, चहासकट. मास्टर देलाना म्हणाले, मुलींना पुन्हा भरायला सांगू, जरा मनावर घेऊन. साहेब म्हणाले, छे, आकडे बनवलेले चालत नाहीत; भावना खरी लागते. आणि तेव्हा, चौदा कोंबड्यांनी तयार केलेला माझा आत्मविश्वास उभा राहिला.

“सर,” मी म्हणाले, “त्या अजून कुठे एकाकी झाल्यात? कालपासून तर बोलणं बंद आहे. अजून दोन दिवस बंद ठेवलं की होतील आपोआप.”

मास्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग टाळ्या वाजल्या. इतिवृत्तात नोंद झाली: ‘उपाययोजना लाभार्थींकडूनच पुढे आली.’ फेरसर्वेक्षण गुरुवारी ठरलं. भूगोलाच्या मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, “तू पुढे मोठी होणार बघ.” त्या हे कौतुकाने म्हणाल्या होत्या असं मला तेव्हा वाटलं.

बुधवारी मी शिट्टी घेऊन फिरले. नळाशी दोघी कुजबुजताना पकडल्या. आंब्याखाली चौघी नुसत्या एकमेकींकडे बघून हसत होत्या, तर ते बोलण्यात मोडतं का, यावर साहेबांना विचारून यावं लागलं. (मोडतं. टप्पा चौथा.) शौचालयात तर अखंड तालानोआ चालू होतं, पणज्यांनी शाबासकी दिली असती. मी आत गेले की एकदम चिडीचूप. शायलने मला पाहून ओठ मिटले आणि भिंतीकडे तोंड करून भिंतीलाच सांगितलं, “बाई गं भिंती, काही जणींच्या गळ्यात पट्टा पडला की त्यांना भुंकायला फार आवडतं.”

मी तिचं नाव लिहून घेतलं. नाइलाज होता.

अत्यावश्यक बोलण्यासाठी सोय नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. ‘नमुना चार-ब’ हा विनंती अर्ज होता, ऑफिसबाहेर लाकडी पेटी होती आणि कामकाजाच्या सात दिवसांत निर्णय कळवण्यात येणार होता.

त्याच संध्याकाळी तितीलिया आमच्या घरी आली. आई-बाबा दुकानात गेले होते. मी व्हरांड्यात नावांची यादी स्वच्छ अक्षरात उतरवत होते. ती पायरीवर बसली. हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी होतं, ते तिने माझ्यापुढे सरकवलं.

“आजीने पाठवलंय. तुला आवडतं ते खोबऱ्यातलं,” ती म्हणाली. “लोसाना, ऐक ना...”

मी ओठांवर बोट ठेवलं.

“अगं, इथे कोण बघतंय?”

मी गळ्यातल्या ओळखपत्राकडे बोट दाखवलं. म्हणजे मीच बघत होते.

“दोन मिनिटं गं. परवा बोट आहे.”

आता सांगते, मला बोलायचं नव्हतं असं नाही. घशापर्यंत आलं होतं. पण दिवसभरात सत्तावीस मुलींची नावं लिहिलेल्या मुलीने स्वतःच्या पायरीवर बसून बोलायचं? नियम मोडायला मी काही साधी विद्यार्थिनी नव्हते. मी आत गेले, दप्तरातून ‘नमुना चार-ब’ काढला आणि पेन्सिलीसकट तिच्यासमोर ठेवला.

तितीलियाने कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसली. तशी हसली, जशी आपण ऑफिसच्या खिडकीमागच्या माणसाकडे बघून हसतो, त्याने काम करावं म्हणून.

“पेन्सिल नेऊ ना?” तिने विचारलं.

मी मानेने हो म्हटलं.

गुरुवारी फेरसर्वेक्षणात आम्ही दहापैकी नऊ पूर्णांक दोन मिळवले. एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं की पास झाल्याशिवाय तोंड उघडू देणार नाहीत. सातव्या प्रश्नाला शायलने पुरवणी लावली होती. आपीसाई साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. “इतकं दुःख!” ते म्हणाले. “आणि इतक्या थोड्या वेळात!”

शुक्रवारी दुपारी एक वाजता सामूहिक तालानोआ; तोवर बोलणं बंदच. सभागृहात चटया अंथरल्या, प्रत्येक चटईवर क्रमांक चिकटवला, प्रत्येक जोडीला विषयाची चिठ्ठी. एकच अडचण होती. मैत्रिणी मैत्रिणींशीच बोलल्या तर त्या प्रकल्पामुळे बोलल्या की मुळात मैत्रीण होत्या म्हणून, हे सिद्ध कसं करणार? म्हणून पूर्वीपासून ओळख असलेल्यांची जोडी लावायची नाही, असं ठरलं. हितसंबंध आड येतात. तितीलियाच्या वाट्याला नववीतली एक मुलगी आली, जिने ‘माझे बलस्थान’ या विषयावर आपल्या मांजरीबद्दल सांगितलं. मी कुणाच्याच वाट्याला आले नाही. मला घंटा वाजवायची होती: दर चार मिनिटांनी, टप्पा बदलला की.

कार्यक्रम एकला सुरू व्हायचा तो अडीचला झाला, कारण थंड देशातल्या सल्लागार बाई पडद्यावरून मार्गदर्शन करणार होत्या. त्यांनी “प्रिय मैत्रिणींनो” म्हटलं आणि त्या तोंड उघडं ठेवून जागच्या जागी गोठल्या. आम्ही वीस मिनिटं त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. शेवटी त्यांच्यासोबत सामूहिक फोटो काढण्यात आला. मग आभार. मग आभार मानणाऱ्यांचे आभार. मग मास्टर देलानांना आठवलं की उद्घाटन राहिलंय.

बोट सहाची होती आणि आमच्या लामीहून सुव्याच्या धक्क्यावर जायला बसने अर्धा तास लागतो. साडेचारला, पाचव्या टप्प्यावर, तितीलिया उठली. कापडी पिशवी खांद्याला लावली. दारापाशी थांबून तिने व्यासपीठाकडे पाहिलं. मी तिथे पाहुण्यांसाठी चाफ्याचा हार हातात धरून उभी होते. तिने हात हलवला. माझे दोन्ही हात हारात अडकलेले. मी मान डोलावली, थोडीशी, ‘नोंद घेतली आहे’ अशा अर्थाची.

मला वाटलं, ती पाणी प्यायला चाललीय. नाही, हे खोटं आहे. पिशवी घेऊन कुणी पाणी प्यायला जात नाही. मला वाटलं, एवढं संपू दे, मग पळत जाऊन गाठेन.

ते सव्वासहाला संपलं. मला ‘उत्कृष्ट श्रवण’ हे प्रमाणपत्र मिळालं.

अहवालाला परिशिष्ट जोडायचं म्हणून आपीसाई साहेबांनी मला विनंतीपेटी उघडायला सांगितली. एकसष्ट अर्ज निघाले. बहुतेकींनी कारणाच्या रकान्यात ‘बडबड’ लिहिलं होतं. शायलचे नऊ होते, नऊही माझ्याविषयी. आणि एक अर्ज पेन्सिलीने लिहिलेला. ते अक्षर मी पहिलीपासून ओळखते. तितीलियाने सगळे रकाने नीट भरले होते. ती कधीच रकाना मोकळा सोडत नाही.

*कोणाशी बोलायचे आहे:* लोसाना.

*विषय:* एक वर्ष तुझ्याकडे राहू का? मावशी महिनाअखेरीस लाबासाला जातेय, मग इथे माझं कुणी नाही.

*थेट संबंधित प्रौढांकडे विनंती का केली नाही:* मोठ्यांकडे मागितलं तर मनात नसलं तरी ते नाही म्हणत नाहीत. म्हणून आधी तुला. तुझ्या खोलीत मी चालेन का ते खरं सांग. नको असेल तरी सांग, मी कुणाला बोलणार नाही.

*अपेक्षित फलनिष्पत्ती:* तेरावी पास.

*निर्णय न झाल्यास पर्यायी व्यवस्था:* बोट.

“काही महत्त्वाचं?” आपीसाई साहेबांनी विचारलं.

मी अर्ज त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला. ओळखपत्राची फीत बोटाला गुंडाळत राहिले.

“माझी पण आहे गं अशी एक मैत्रीण, तावेउनी बेटावर,” ते हळूच म्हणाले. “हा प्रकल्प संपला की फोन करणार आहे.” मग जरा सावरून, “हा अर्ज यशोगाथेत घेता येईल का?”

मी अर्ज त्यांच्या हातातून काढून घेतला आणि खिशात घातला. गळ्यातला पट्टा काढून पेटीत टाकला. शिट्टीही.

घरी आले तेव्हा आई खोबरं खवत होती आणि बाबा उद्यापासून पुन्हा उघडणाऱ्या हॉटेलसाठी आपला शर्ट इस्त्री करत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. प्रश्नापासून पेटीपर्यंत. माझी शिट्टीसुद्धा गाळली नाही.

बाबांनी इस्त्री आदळली. “ही काय पद्धत झाली? माणसाने माणसाशी बोलायला अर्ज करायचा? या ऑफिसांनी तर अगदी ताळतंत्र सोडलंय. सेरूची पोर दारात येऊन गेली आणि तुम्ही तिला कागद भरायला लावला!”

“हो बाबा. तुम्ही सेरूकाकांशी शेवटचं कधी बोललात?”

“मी? अगं, पंधरा वर्षं आम्ही एकत्र...”

“शेवटचं.”

“ते गेले तेव्हा, धक्क्यावर.” बाबा शर्टाच्या कॉलरकडे बघायला लागले. “फोन करायचा होता गं. रोज मनात यायचं. म्हटलं, जरा सगळं सुरळीत होऊ दे.”

“तुम्हाला कुठला नमुना भरायचा होता?”

बाबांनी इस्त्री पुन्हा उचलली. आई खुदकन हसली.

“तू हसू नकोस, आई. तितीलियाच्या आईने फोनवर पाठवलेला आवाजी निरोप तू पाच महिन्यांपूर्वी अर्धा ऐकलास. उरलेला निवांत ऐकेन म्हणालीस. तुझ्यावर तर सर्वेक्षणही झालं नव्हतं.”

खवणीवरचा हात थांबला. आमच्या घराचा एकाकीपणा दहापैकी सहाच्या वर नक्की असेल, मी मनात म्हटलं.

“बरं,” आई शेवटी म्हणाली, “त्या मुलीचं काय करायचं म्हणतेस?”

“ती इथे राहणार. माझ्या खोलीत, खिडकीकडची बाजू तिची. ती सध्या समुद्रात आहे, फोन लागत नाही. म्हणून पुढच्या शुक्रवारच्या बोटीने आपण तिघं कांदावूला जातोय. मी तिला घेऊन येणार. बाबा, तुम्ही सेरूकाकांसमोर चटईवर बसायचं आणि वर्षभराचं बोलून उठायचं. आई, तू तितीलियाच्या आईचा उरलेला निरोप तिच्यासमोर बसून ऐकायचास.”

“पण हॉटेल आत्ताच उघडतंय,” बाबा म्हणाले, “पुढच्या महिन्यात नक्की...”

“लोसाना,” आईने विचारलं, “तू आम्हाला विचारतेयस की सांगतेयस?”

“सांगतेय.”